बाबांच्या नमनाला वीस मिनिटं

मी गाव सोडलं त्या संध्याकाळी आमच्या वाडीत नमनाच्या खेळ्यांची तालीम होती. म्हणून बाबा मला पोचवायला फाट्यावर आले नाहीत. देवापुढे तालीम लागली की मधेच उठायचं नाही, हा त्यांचा स्वतःचाच नियम, आणि पोरगा मुंबईला चाललाय एवढ्यासाठी ते तो मोडतील हे माझ्याही मनात आलं नव्हतं. आई आली. हातात भाकऱ्यांचं पुडकं, पायात चप्पल नाही. बस आल्यावर ती एवढंच म्हणाली, "पोचलास की फोन कर, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात पडू नको." वरून, देवळापुढच्या मांडावरून मृदुंग ऐकू येत होता. एकच. नमनाला दोन मृदुंग लागतात, आणि दुसरा माझा होता.

हे सगळं तुम्हाला माहीतच आहे. वाडीतल्या तुम्हा मंडळींना, आणि माझ्यामागून भांडुप, नालासोपारा, दिवा असे पांगलेल्या चाकरमान्यांनाही. तरी लिहितोय, कारण गेल्या महिन्यात वाडीच्या ग्रुपवर बाबांचा स्टेजवरचा फोटो आला आणि तुम्ही सगळ्यांनी अंगठे, हार-तुरे, "सुन्याने गावाचं नाव काढलं" असं काय काय पाठवलंत. ते वाचून मला जेवण गेलं नाही. फोटोत दिसत नाही ते सांगायला हवं.

आधी माझा धंदा काय ते सांगतो, कारण बाबांनासुद्धा तो नीट कळलेला नाही. त्यांच्या मते मी दलाल. लग्नात बँड ठरवून देतो ना एखादा, तसा. फार चुकीचं नाही ते. अंधेरीत एका गाळ्यात माझं ऑफिस आहे, दोन खुर्च्या आणि एक पंखा. कंपन्यांच्या कार्यक्रमांना मी गाणारे-वाजवणारे पुरवतो. आधी हिंदी सिनेमाची गाणी म्हणणारे मागायचे. हल्ली गावाकडचं पाहिजे. गोंधळी द्या, धनगरी ढोल द्या, राजस्थानी द्या. माझ्याकडे मालाडची चार पोरं आहेत, डोक्यावर काऊबॉय टोप्या घालून गिटारवर अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांची गाणी म्हणतात. जुहूच्या हॉटेलांत त्यांना भारी मागणी. तिकडचं गाव, इकडचं गाव, जे गाव मागाल ते मिळेल. फक्त लहान पाहिजे, जेवणाच्या आधी संपलं पाहिजे.

या धंद्यात एकच कला लागते, ती म्हणजे दोन्हीकडे गोड बोलणं. कलाकाराला सांगायचं, "अरे, काय पब्लिक आहे, जीव लावून ऐकतात!" आणि पार्टीला सांगायचं, "मॅडम, छोटासा आयटम आहे, झकास, चिंता नको." दोघं एकमेकांना भेटत नाहीत, त्यामुळे खपून जातं. मी इतकी वर्षं असंच निभावलं. कुणाचं वाईट केलं असं मला कधी वाटलं नाही, खरंच.

मग एका मोठ्या कंपनीच्या रिया मॅडमचा फोन आला. गोरेगावला लॉनवर त्यांचा फॅमिली डे, सगळ्यांची बायकामुलं येणार, दुपारपासून. त्यांना टोपीवाले हवे होते आणि त्यांच्याआधी "काहीतरी आपलं, कोकणातलं, एकदम ओरिजिनल." माझ्या तोंडून निघून गेलं, "माझे बाबाच नमन करतात, मॅडम." त्या इतक्या खूश झाल्या! म्हणाल्या, "परफेक्ट, वीस मिनिटं देते." मी म्हटलं, "भरपूर झाली."

आणि त्याच दिवशी बाबांना फोन केला तेव्हा त्यांनी विचारलं, "पुरा खेळ हाय ना रं?" मी म्हटलं, "हो तर, पुरा."

खोटं बोलताना जीभ अडखळली असती तर बरं झालं असतं. सवयीने सरळ चालली.

बाबा सहा जणांना घेऊन भांडुपला आमच्या दोन खोल्यांत येऊन थडकले. केस काळे करून आले होते, माझी बायको मनीषा तोंडावर पदर धरून हसली. सगळ्यांसाठी नवे अंगरखे शिवून घेतलेले, मृदुंगांना नवी शाई भरलेली. नमनातल्या राक्षसाची, संकासुराची उंच काळी टोपी आमच्या फ्रीजवर ठेवली, तर शेजारची मुलगी पाणी मागायला आली ती किंचाळतच परत गेली. गच्चीवर तालीम केली म्हणून सोसायटीचे चेअरमन भांडायला वर आले आणि गवळण संपेपर्यंत पाण्याच्या टाकीला टेकून बसले. खाली जाताना विचारून गेले, "उद्या परत आहे का?"

त्या रात्री ताटावर बाबांनी मला विचारलं, "दुसरा मृदुंग तू धरशील ना? गणूकाकाचा हात आता चालत नाय." गणूकाका समोरच जेवत होते, त्यांनीही मान वर केली. मी गेल्यावर बाबांनी दोन पोरं दुसऱ्या मृदुंगावर तयार केली, दोन्ही मुंबईला आली. शेवटी तो सत्तरीच्या गणूकाकांच्या गळ्यात पडला. मी म्हटलं, "बाबा, तिथे मी कामावर असतो. कोट घालून उभा असतो. क्लायंटसमोर बरं दिसत नाही." बाबा म्हणाले, "बरं, बरं. कामाच्या वेळी काम." आणि भात कालवायला लागले. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

आता ज्यांनी नमन पाहिलं नाही अशी इथली पोरंबाळं हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या वाडीत पुरा खेळ रात्रभर चालतो. आधी नमन, म्हणजे गावोगावच्या देवांना हाक. मग गण, मग गवळण, संकासूर, सोंगं. आणि शेवटी आरती आणि गाऱ्हाणं. बाकी काय वाटेल ते आखडा, पण शेवट सोडायचा नाही. नाव घेऊन बोलावलेला देव तसाच ताटकळत ठेवायचा नाही, त्याला हात जोडून परत पोचवायचा, मगच मृदुंग गळ्यातून उतरवायचा. दुष्काळी वर्षी, कुणी मेलेलं असताना, सोंग घेणारा तापाने फणफणलेला असताना, कधीही बाबांनी शेवट सोडलेला मला माहीत नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं. मी हिशेब असा केला की गवळण छाटू, सोंगं छाटू, शेवटाला पाच मिनिटं काढू. जमेल, यार. नेहमी जमतं. स्टेजवर चढताना बाबांना एवढंच म्हटलं, जरा आखडतं घ्या, समोर लहान पोरं आहेत.

लॉन सुंदर होतं. हिरव्यागार गवतावर मुलं फुगे घेऊन पळत होती, एका बाजूला चाटचे स्टॉल. बाबांनी सुरुवात केली. मी तुम्हाला खोटं नाही सांगत, पहिली हाक त्यांनी दिली तेव्हा स्टॉलवरची माणसं वळली. माइकवर तो आवाज इतका मोठा झाला की माझ्या अंगावर काटा आला. पुढे तीन-चार खुर्च्यांवर म्हातारी माणसं बसली होती, कुणाकुणाचे आईवडील, ती पुढे सरकून ऐकायला लागली. गणूकाका मागे पडत होते. बाबा त्यांच्यासाठी लय धरून थांबत होते. मी बाजूला उभा, हातात वॉकीटॉकी, आणि माझी बोटं कोटाच्या खिशात दुसऱ्या मृदुंगाचे बोल वाजवत होती.

संकासूर आला तशी सगळी मुलं स्टेजपाशी धावली. तेवढ्यात रिया मॅडम आल्या. त्यांच्या मोठ्या साहेबांना विमान पकडायचं होतं, त्यांचं भाषण आत्ताच घ्यायचं होतं. "सुनील, यांना थांबव ना, प्लीज." मी म्हटलं, "मॅडम, शेवटचं फक्त, पाच मिनिटं." त्या म्हणाल्या, "दोनसुद्धा नाहीत. सॉरी रे." त्यांची काही चूक नव्हती, हे मला आजही कबूल आहे. मी त्यांना वीस मिनिटांचा आयटम विकला होता, आणि वीस मिनिटं झाली होती.

आमच्याकडे कलाकार थांबत नसेल तर ठरलेली रीत आहे. ज्याने कलाकार आणला त्याने साउंडवाल्याकडे बघून तळहात खाली करायचा. साउंडवाला आवाज हळूहळू उतरवतो, सूत्रसंचालन करणारी हसत पुढे येते, टाळ्या. कुणाला अपमान वाटत नाही. साउंडवर माझा नेहमीचा इम्रान होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी तळहात खाली केला. माझ्या हाताने.

बाबा गातच होते. आवाज गेला होता आणि ओठ हलत होते. मग त्यांनी माइककडे पाहिलं, त्यावर बोटाने टिचकी मारली. सूत्रसंचालन करणारी मुलगी पुढे आली, इंग्रजीत "कोकणच्या कलाकारांसाठी जोरदार टाळ्या" म्हणाली, आणि टाळ्या खरंच जोरदार पडल्या. तोच तो फोटो. बाबा हात जोडून उभे आहेत, हसताहेत. खाली उतरल्यावर त्यांनी मला पहिलं विचारलं, "लाईट गेली काय रं?"

मी म्हटलं, "नाही बाबा, मशीन बिघडली."

ते हळहळले. म्हणाले, "आरती राहिली. जागा दाव कुठंतरी." मी त्यांना किचनच्या मागे नेलं, जिथे टेम्पो लागतात. भांडी घासणाऱ्या बायका, दोन ड्रायव्हर आणि चहा प्यायला आलेला इम्रान, एवढीच माणसं. बाबांनी तिथे आरती म्हटली. मग सगळे हात जोडून उभे राहिले आणि बाबांनी गाऱ्हाणं घातलं. तुम्ही त्यांचं गाऱ्हाणं ऐकलंय, सावकाश, जणू समोरच्या माणसाशी बोलतायत.

"बा देवा महाराजा, आज तुला परक्या मुलखात बोलावला, त्येचा राग धरू नको. ज्या कंपनीनं आम्हाला मान दिला तिची भरभराट कर रे महाराजा." मागून सगळे, "होय महाराजा!"

"ह्या सुन्याच्या हाताला यश दे, त्याच्या पोराबाळांना सुखी ठेव रे महाराजा." "होय महाराजा!"

"आणि आज ज्या कुणाच्या हातून ती मशीन बिघडली, ते पोर गरीब असंल, पोटासाठी करतंय. त्याला कुणी बोल लावू नये, त्याची नोकरी जाऊ नये, त्याला सांभाळ रे महाराजा."

"होय महाराजा!"

ड्रायव्हरसुद्धा म्हणाले. मला ते म्हणवलं नाही.  इम्रान हातात कप धरून माझ्याकडे बघत होता. हळूच म्हणाला, "भाई, ये मेरे लिए मांग रहे हैं?" मी मान हलवली. तेवढ्यात वॉकीटॉकीवर आवाज आला, टोपीवाले कुठे आहेत, साहेबांचं भाषण संपत आलं. आणि मी गेलो. बाबा मृदुंग उतरवत होते आणि मी पळत गेलो, कारण कामाच्या वेळी काम.

दुसऱ्या दिवशी ती सगळी मंडळी हसतखेळत गावाला परतली. बाबांना लॉनवरचं जेवण फार आवडलं होतं. गणूकाकांनी दोनदा जिलेबी घेतली हे ते अजून सगळ्यांना सांगतात. त्यांना खरं सांगायचं मी चारदा ठरवलं. दर फोनला ते आधी विचारतात, "म्याडम खूश हायत ना?" आणि मग, "त्या मशीनवाल्या पोराला कुणी काढला नाय ना रं?" मी म्हणतो, "नाही बाबा, आहे तो कामावर." ते म्हणतात, "देवानं ऐकलं बघ." मी फोन ठेवतो. मनीषा म्हणते, सांगून टाक एकदाचं, काय मारतील का? मारणार नाहीत गं, तेच तर आहे. "बरं, बरं" म्हणतील.

रिया मॅडमचा काल मेसेज आला. पुढच्या वर्षी पुन्हा तुझे बाबा हवेत, मुलांना तो काळा टोपीवाला फार आवडला, या वेळी दहा मिनिटांचं करू या.

पूर्वी कुणी विचारलं की गाव म्हणजे काय, तर मी आंबे, पऱ्याचं वाहतं पाणी, देऊळ असलं काहीबाही सांगायचो. पार्टीला विकायलाही तेच सांगतो. आता मला विचाराल तर घर म्हणजे ती जागा, जिथे माझ्याविषयी रोज संध्याकाळी देवाकडे चांगलंच मागितलं जातं, मी काय करतो ते माहीत नसताना. इतका जीव लावणारं दुसरं ठिकाण मला या जगात नाही, आणि तिथेच जायला मला तोंड उरलेलं नाही. वाडीतल्या मंडळींनो, हे बाबांना वाचून दाखवू नका. मी येतो आणि मीच सांगतो. शिमग्याला येतो म्हणून कळवलंय खरं, पण तिकीट अजून काढलेलं नाही.