वहिनींचं ‘अर्जंट’

आता ही फजिती कुठल्या तोंडानं सांगू! पण चहा आलाय, तर ऐका.

रविवारी सकाळी पालमहून वहिनींचा फोन आला. “भावजी, अर्जंट या.” अन् कट!

तुम्ही म्हणाल, त्यात काय? अहो, ऑफिसात फायलीवर ‘अर्जंट’ लिहिलं की ती निवांत झोपते. आमच्या घराण्यात मात्र हा शब्द एकाच कामाला काढतात. माणूस गेल्याची बातमी फोनवर सांगायची नाही, नुसतं ‘अर्जंट या’ म्हणायचं. माझी बायको गेली तेव्हाही मला एवढंच सांगितलं होतं.

म्हणजे तात्या! माझे थोरले भाऊ. उलटा फोन लावायची छातीच झाली नाही. विचारेपर्यंत तरी ते होते ना!

मानवतला धाकट्या बहिणीला, शांताला, फोन केला.

“काय झालंय भाऊ? खरं सांग.”

“काही नाही गं. पालमला जायचंय. तू... अर्जंट ये.”

झालं! पलीकडून हंबरडाच. थोड्या वेळात ती जीप करून परभणीत माझ्या दारात हजर. सोबत दाजी, सासू, दोन्ही जावा, शिवाय एक शेजारीण! मला मधे कोंबलं. पालम येऊच नये, असं मला वाटत होतं.

गंगाखेडला दाजी हळूच म्हणाले, “हार घ्यावा का? तिथं मिळंल न मिळंल.”

घेतला!

दारात जीप थांबली आणि बायकांनी जो सूर लावला! तेवढ्यात बनियनवर तात्याच बाहेर आले.

“कोण गेलं रे?”

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. दाजींनी हार पाठीमागं लपवला. मी तात्यांचा दंड धरला, तो काही केल्या सोडवेना.

वहिनी पदराला हात पुसत आल्या. “अवो, मटण केलंय म्हणून बोलावलं! साधं बोलावलं की तुमी ‘बघू’ म्हणता. वर्ष झालं, उंबऱ्याला पाय न्हाई तुमचा.”

“मग फोन का तोडला?”

“रस्सा उतू जायलता!”

मटण तिघांपुरतं, माणसं जीपभर. तात्यांनी सगळ्यांना पीस वाढले आणि माझ्या ताटात नुसता रस्सा ओतला.

“तात्या, एखादा पीस?”

“मयतीला आलास न्हवं?” तात्या म्हणाले. “मयतीच्या घरी मटण मागतेत का? भाकर चुर!”