आप्पांची सही

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पहिली पिशवी उकिरड्यात पुरली. पोळ्याला तिची माती झालेली दिसली आणि आप्पांनी सही केली. पुढच्या आखाजीला दुसरी पिशवी खाडीकाठच्या चिखलातून जशीच्या तशी निघाली. त्याच आठवड्यात आप्पांनी सही मागे घेतल्याचे लेखी कळवले. जबाबदार : सुरतजवळच्या सचिन गावातल्या त्या साडी-पॅकिंग कारखान्याचे मालक, त्यांचे व्यवस्थापक, आणि पहिला अर्ज मवाळ भाषेत लिहिल्याबद्दल मी.

सुरतमधल्या बमरोलीत माझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या आप्पांना सारी चाळ 'मातीवाले' म्हणे. कोणतीही नवी वस्तू ते आधी चुरगाळत, मग हुंगत आणि शेवटी पुरून पाहत. एकदा सुनेची चप्पलही पुरली.

"आप्पा, आते माले बी पुरशात का?" ती कडाडली.

"नको माय, तुले कोंब फुटी, तू उगी येशी!"

आप्पा काम करत त्या कारखान्यात मक्यापासून केलेली पिशवी आली, तेव्हा ती तपासण्याचे काम साहजिकच त्यांच्याकडे आले. त्यांनी ती तबेल्यामागच्या वाफाळत्या उकिरड्यात पुरली. खानदेशातल्या शेतकऱ्याच्या मुलाला कचऱ्याची दुसरी जागा सुचलीच नाही. त्या उष्णतेत ती विरली. खोक्यांवर 'मातीत मिसळते' या ओळीखाली त्यांची सही छापली गेली, आणि त्या भरवशावर लोक पिशव्या खाडीत टाकू लागले. खाडीत ती ऊब नसते. तेव्हापासून दर पावसाळ्यात तुंबलेले काळे पाणी आमच्या जिन्याची आणखी एक पायरी गिळू लागले.

"दादा, मी उकिरडा तपासा, खाडी नही तपासी," चिखलाने माखलेली ती दुसरी पिशवी माझ्या टेबलावर ठेवत आप्पा म्हणाले. त्या दिवसानंतर त्यांनी काहीही पुरले नाही.

आम्ही दोघे कारखान्यात गेलो. व्यवस्थापक हसून म्हणाले, "काका, सही थई गई ने? हवे शांति राखो." सही झाली ना, मग आता गप्प बसा, असा त्याचा अर्थ.

सही काढून टाकावी म्हणून पुढच्या वर्षभरात मी मालकांना तीन अर्ज पाठवले. एकाचीही पोच आली नाही. शेवटच्या आजारपणात आप्पा औषधाविषयी विचारत नसत. माझे मनगट धरून एवढेच म्हणत, "मन्ही सही परत आना, दादा." ती मी आणू शकलो नाही.

परवा त्यांच्या सुनेने नव्या साडीचे खोके माझ्यापुढे ठेवले. त्यावर पॅकिंगची तारीख याच महिन्याची आहे. खाली तीच सही आहे, थोडी डावीकडे झुकलेली.

मालक महाशय, आप्पांना आम्ही यंदा पावसाळ्याआधीच स्मशानात पोचवून आलो. मग या महिन्याची पिशवी कोणी तपासली? खाजगी पत्र मी स्वीकारणार नाही. आमच्या चाळीच्या जिन्यावर, पाणी चढलेल्या शेवटच्या पायरीवर उभे राहून, सर्वांसमक्ष उत्तर द्या.