पडीत वावरातला धडा

महाराष्ट्र नवानवाच झाला होता. बाप गेला, मी नांदुऱ्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत राहिलो आणि मोताळ्याजवळचं आमचं वावर पडीत पडलं. पडीत जमिनीत आधी गवत येतं, मग झुडपं, मग झाडं. हे अनुक्रमण दाखवायला मी दरवर्षी पोरांना तिथंच न्यायचो. पोरं बोरं खाण्यात दंग असत. मी कुंदा बघत बसायचो. त्याच गवताच्या मुळ्या बाप शिव्या घालत, कंबरभर खोल खणून काढायचा.

एकदा एका पोरीनं विचारलं, "सर, हे वावर पयल्यासारखं व्हाले काय लागन?"

पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं: वणवा, पूर किंवा नांगर.

मी म्हणालो, "माहा बाप."