एका हाताने घालायचं जाकीट

माझी मावशी आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवत आली. काका बस चालवायचे आणि कपड्यांच्या बाबतीत मोठे नखरेल होते. गळ्यापाशीचं बटण लावल्याशिवाय ते कचरा टाकायलाही खाली उतरत नसत. मावशी म्हणायची, "यांची कॉलर चुरगळली तर बसच सुटायची नाही."

पक्षाघाताने काकांची उजवी बाजू गेली. बोलणं बऱ्यापैकी परत आलं, काठीच्या आधाराने पायही चालू लागला, पण हात लुळा तो लुळाच राहिला. रोज सकाळी मावशी त्यांना कपडे चढवायची आणि तेवढा वेळ काका भिंतीकडे बघत बसायचे. हळूहळू त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. अशा रुग्णांसाठी मिळणारा, पाठीमागे नाड्या असलेला झगा कोणीतरी आणून दिला, तर त्यांनी तो खुर्चीवर भिरकावला.

"हा घालून मी फाटकापर्यंतसुद्धा जाणार नाही. बघणाऱ्याला लगेच कळेल."

"काय कळेल?"

"की दुसऱ्या कोणीतरी घालून दिलाय."

मावशीने त्यांचं जुनं करडं जाकीट घेतलं आणि उसवायला बसली. उजव्या बाहीची खालची शिवण तिने काखेपासून मनगटापर्यंत मोकळी केली. म्हणजे हात बाहीत घुसवायची भानगडच उरली नाही. बाही मांडीवर पसरायची, तिच्यावर हात ठेवायचा आणि कडा मिटवायच्या. कडा आपोआप चिकटाव्यात म्हणून पर्सला असतात तसली चुंबकं तिने कापडाच्या आत दडवली. पुढच्या बाजूलाही चुंबकंच लावली, वरून मात्र नेहमीची बटणं शिवली, नुसती दिसायला.

पहिला प्रयत्न साफ फसला. बाहीतली चुंबकं छातीवरच्या चुंबकांना जाऊन चिकटली आणि काका कोणालातरी सलामी दिल्यासारखे अडकून बसले. दुसऱ्या खेपेला ते टेबलावरून उठले, तर कोपराला चहाचा चमचा लटकलेला. आजारपणानंतर काका पहिल्यांदा हसले ते तेव्हा. मावशीने हसत हसतच पुन्हा कात्री हातात घेतली.

मग एके सकाळी काकांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं. मावशी बाहेर घुटमळत राहिली. आतून काठी पडल्याचा आवाज आला, दोन शिव्याही ऐकू आल्या, पण तिने दार ठोठावलं नाही. काका बाहेर आले तेव्हा जाकीट अंगात होतं, गळ्यापर्यंत बंद. ते तडक बसथांब्यावर जाऊन बसले. ओळखीच्या ड्रायव्हरांनी जाता-येता हॉर्न वाजवले. मावशी खिडकीत दोरा ओवत होती. सुईचं नाक काही केल्या दिसेना, असं तिनेच मला सांगितलं.

काकांकडून व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ते जाकीट पाहिलं आणि दुसऱ्या एका रुग्णासाठी तसंच मागितलं. मग तिसऱ्यासाठी. बघता बघता गणवेश मागे पडले आणि मावशीच्या हाताखाली दोन बायका शिवायला बसू लागल्या. असंच एक जाकीट एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे गेलं. त्यांची मुलगी शहरातल्या संग्रहालयात काम करायची. आधुनिक रचना आणि फॅशन यांचं कायमस्वरूपी दालन तिथे उभं राहत होतं. ती स्वतः मावशीच्या घरी आली.

"आम्हाला पहिलं जाकीट हवंय," ती म्हणाली. "कायमचं."

"कायमचं म्हणजे परत मिळणार नाही?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग जमायचं नाही. मी काय घालू?"

मावशीने हुबेहूब दुसरं शिवून दिलं. काकांनी ते घालून पाहिलं, खांदे हलवले, नाक मुरडलं, आणि शेवटी एका अटीवर कबूल झाले.

"पाटीवर हिचं नाव घालायचं, आडनावासकट. 'एका गृहिणीने शिवलेलं' असलं काही लिहिलंत, तर मी येऊन उचलून नेईन."

"नक्की घालू. आणि तुमचं नाव?"

काकांनी हा विचारच केला नव्हता. "घाला की," ते म्हणाले. "बारीक अक्षरांत चालेल."

दालन उघडलं त्या दिवशी आम्ही सगळे गेलो. एका बाजूला वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा नामवंत रचनाकाराचा रेशमी पायघोळ झगा, आणि मध्ये काचेत मावशीचं करडं जाकीट, बाही अर्धी उघडलेली. एकजण म्हणाला, "एका हाताने खरंच जमत असेल का?" काकांनी काठी माझ्याकडे दिली, तिथल्या बाकावर बसून अंगातलं नवं जाकीट उतरवलं आणि पुन्हा चढवलं. भोवती ही गर्दी जमली. पुढे कोणी विचारेना, तरी काका करून दाखवतच राहिले.

मावशी मात्र रेशमी झग्यापाशी वाकून त्याची खालची दुमड न्याहाळत होती. "शिवण सुरेख आहे हो," ती मला म्हणाली, बरोबरीच्या माणसाला शाबासकी द्यावी तशी. मग ती आपल्या काचेपाशी आली. पाटीवरचं नाव तिने सावकाश वाचलं, पदर सारखा केला, आणि शेजारी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला म्हणाली, "हे मी केलंय."

"माहीत आहे, बाई," तो म्हणाला. "तुमचे यजमान आल्यापासून दुसरं काही बोललेच नाहीत."