नाकाखालचं बोट

बाळंतिणीला चिंता खाते आहे का, हे तपासायचे प्रश्न मी तिच्या सासूसमोर मोठ्याने वाचले. मस्कतच्या एका दवाखान्यात मी अरबी दुभाष्या आहे, आणि माझा आवाज खणखणीत आहे याचा मला फार अभिमान.

"उगाच भीती वाटते?" मी विचारलं. सासूकडे बघून ती म्हणाली, "अलहमदुलिल्लाह." देवाची कृपा. मी 'नाही'वर खूण केली. झोप? रडू? तीच कृपा. सगळं 'नाही' म्हणजे आजच घरी, पुढची विचारपूस बंद.

तिचं बोट मात्र सारखं झोपलेल्या बाळाच्या नाकाखाली जात होतं. बाळाचा श्वास बोटाला लागेपर्यंत तिचा स्वतःचा श्वास अडकलेला. बोट मागे, की लगेच पुन्हा पुढे. आपणही आतून कोसळत असताना 'बरं चाललंय' म्हणतोच की! खरं उत्तर बहुधा तोंडाबाहेर कुठेतरी असतं, आणि मी तोंडाकडेच बघत बसलो होतो.

कागद घेऊन आमच्या वॉर्डातल्या, मूळच्या मिरजेच्या शैलासिस्टरकडे गेलो आणि बोटाचं सांगितलं. त्यांनी कागद फाडला.

"भाऊ, तपासणी तुम्ही सासूची केलीत. आता तिला चहाला न्या. सुनेला मी माझ्या मोडक्या अरबीत हळूच विचारते. तुमचा खणखणीतपणा कँटीनमध्ये वापरा."