खोटा पाव

माझा धाकटा भाऊ पाव भाजतो. बोलण्याचं आणि त्याचं वाकडं आहे. गिऱ्हाईक ओळखीचं हसलं तरी हा नुसती मान हलवतो, म्हणून गल्ल्यावर मी बसते.

त्याची लेक ठकी म्हणजे आमच्या गळ्यातला ताईत. सात वर्षांची, पण पाच वर्षांच्या मुलीचे कपडे तिला सैल व्हायचे. हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढं पुढे. खाल्लं की दुखायचं. एका गिऱ्हाइकाने बोलता बोलता सांगितलं, काही मुलांना गहूच सोसत नाही. मी ऐकलं आणि सोडून दिलं. भट्टीपाशी उभ्या असलेल्या भावाने मात्र ते मनाला लावून घेतलं.

आमच्या जेवणात भाकरी आणि भात, घरात गहू येतो तो त्याच्याच हातचा: पाव, टोस्ट, बिस्किटं. आपणच लेकीला विष चारतोय की काय, हे त्याला कुणाजवळ बोलवेना. मग त्याने तांदळाचं पीठ, बटाटा आणि अंडी घालून, वेगळ्या साच्यात, ठकीपुरती टोस्ट-बिस्किटं आणि पाव करायला सुरुवात केली. वरून असा खरपूस, की त्याच्या बायकोलाही पत्ता लागला नाही. जन्मभर पाव विकूनही मला कळलं नाही, याचा मला अजून राग येतो.

इकडे भावजय ठकीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी रक्ताची तपासणी लिहून दिली आणि तोवर गहू मुळीच बंद करू नका, असं बजावलं. भावजयीने घरी येऊन ते सगळ्यांना सांगितलं. हा मख्खासारखा ऐकत राहिला. ठकीचं पोट जरा कमी दुखायला लागलं होतं, आता पुन्हा तिला तो पाव द्यायला त्याचा हात धजेना. सुई पाहून ठकी दोनदा पळाली, त्यात काही महिने गेले. शेवटी रक्त दिलं आणि रिपोर्ट स्वच्छ आला.

भावजयीला आभाळ ठेंगणं झालं. आता पोरीला हवं ते खाऊ दे म्हणाली आणि नवऱ्याला मोठा केक करायला सांगितला.

आम्ही सगळे रिपोर्ट दाखवायला गेलो, तेव्हा डॉक्टरीणबाई मात्र तो पुन्हा पुन्हा पाहत होत्या. गहू न सोसणाऱ्या मुलांच्या रक्तात काही प्रतिद्रव्यं वाढतात, तीच मोजतात, असं त्यांनी समजावलं. काहींच्या रक्तात त्या जातीची प्रतिद्रव्यं मुळातच कमी असतात, मग तपासणी फसते. ठकीचं तेही पाहिलं होतं, त्यात काही खोट नव्हती. मग त्यांनी विचारलं, ही रोज गहू खातेय ना? भावजय हसली. पाववाल्याची पोर, तिला काय तोटा, म्हणाली.

"नाही," भाऊ म्हणाला. "मी देतच नाही."

त्याने सगळं सांगितलं. भावजयीने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"रिपोर्ट चुकीचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गहू न खाणाऱ्या मुलीचं रक्त हेच सांगणार."

खरं कळायचं तर काही आठवडे तिला रोज गहू द्यायचा, मग पुन्हा रक्त. जन्मभराचं पथ्य अंदाजाने लावता येत नाही. मला त्या बाईंचा असा संताप आला की मी तोंडाला येईल ते बोलणार होते. भावाने माझा हात दाबला.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी ठकीपुढे उकिडवा बसायचा, तिच्या कानात काहीतरी सांगायचा आणि पाव पुढे करायचा. ती खायची. दुपारी पोट धरून माझ्या मांडीवर पडायची. तो भट्टीकडे तोंड करून उभा राहायचा. आठवडाभरात त्याचे गाल बसले.

काही आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. या वेळी प्रतिद्रव्यांचा आकडा चांगलाच वर गेला. पोटात दुर्बीण घालून खात्री केली. डॉक्टरीणबाईंनी गहू कायमचा बंद केला. पथ्य पाळलं तर हा आकडा हळूहळू उतरेल, मूल वाढीला लागेल, असं सांगितलं. यात तुमच्या पावाचा दोष नाही, हे तिच्या अंगातच होतं, असंही त्या भावाला म्हणाल्या.

"ते मला नका सांगू, तिला सांगा," तो म्हणाला. "दुखतं हे माहीत असून मी तिला दिलाय. तिच्या मनातून मी उतरलो असेन."

ठकी त्याच्या मांडीला टेकून उभी होती.

"बाबा रोज आधीच सांगायचे, दुखेल म्हणून," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "म्हणून तर मी खाल्ला."