रुमालाला पडलेली गाठ

या सदरातले अनुभव मी आजवर केवळ वाचत आलो आणि मनातल्या मनात प्रत्येकाचे कारणही शोधत आलो. सातपूरच्या एका कारखान्यात आयुष्यभर क्वालिटी इन्स्पेक्शन केले. जे तपासता येत नाही त्यावर सही करायची नाही, ही सवय. आज स्वतःचाच अनुभव लिहिताना हात अडखळतो आहे...

पत्नी गेली त्यानंतरचा हिवाळा. जिना चढताना छातीवर दडपण येऊ लागले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचले आहे का, हे पाहणारा सीटी स्कॅन डॉक्टरांनी सुचवला. मुलगी इंदिरानगरला राहते. तिला कळवले नाही. तिला काळजी नको, असे मी स्वतःला सांगितले. खरे तर रिपोर्ट वाईट आला तर तो लपवण्याची मुभा मला हवी होती.

कॉलेज रोडजवळचे सेंटर, दुपारची वेळ.

"काका, सोबत कोण आहे?" टेक्निशियनने विचारले.

"कोणी नाही."

"मग अंगठी, घड्याळ इथेच खुर्चीवर ठेवा."

पूर्वी एक्स-रेच्या वेळी या वस्तू पत्नी माझ्या रुमालात बांधून जवळ ठेवायची. ती दिंडोरीकडची, लग्नाआधी द्राक्षबागेत वेलींच्या काड्या तारेला बांधायला जायची. रुमालाला गाठही तीच मारायची. "हिसडा द्या, सुटायची नाय. हे टोक ओढा — लगेच मोकळी! करा पास, इन्स्पेक्टरसाहेब," असे चिडवायची. मला ती गाठ कधीच जमली नाही.

मी खुर्चीवर रुमाल पसरला. त्यावर अंगठी, घड्याळ आणि घराची किल्ली ठेवली. रुमाल उघडाच ठेवला, हे मला स्वच्छ आठवते — कारण आता बांधायला कोणी नाही, हा विचार त्याच क्षणी मनात आला होता.

छातीला ईसीजीच्या वायरी चिकटवल्या, टेबल आत सरकले. "श्वास घ्या... रोखून धरा..." त्या रोखलेल्या श्वासात खोली फार रिकामी वाटली. "सोडा." झाले. ना इंजेक्शन, ना वेदना.

खाली उतरलो, तर रुमाल बांधलेला होता. त्याच गाठीने.

"हे तुम्ही बांधलंत?"

"मी काचेपलीकडे होतो, काका. स्कॅन चालू असताना आत कोणी येत नाही, रेडिएशन असतं." तो हसला. "टेन्शनमध्ये तुम्हीच बांधलं असेल. रिपोर्ट उद्या मिळेल. सोबत कोणाला तरी आणा."

रिक्षाने घरी आलो. किल्ली रुमालात. टोक ओढायचे आणि दार उघडायचे, एवढेच काम. बोटे टोकापर्यंत गेली... पण ओढवेना. सुटली असती, तर पुन्हा बांधणारे कोणी नव्हते.

जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. दुसरी किल्ली मुलीकडे होती. शेवटी तिला फोन केला. आणि किल्ली का हवी हे सांगताना छातीपासून सगळेच सांगावे लागले.

ती आली ती रागातच. "बाबा, मी काय परकी आहे? शेजाऱ्यांच्या फोनची वाट बघायची होती का मी?"

मी रुमाल पुढे केला. तिने हिसडा देऊन पाहिला. गाठ हलली नाही. तिने गाठीवरून बोट फिरवले.

"ही तर आईची गाठ."

"हो."

"उद्या किती वाजता निघायचं?" एवढेच विचारून तिने आपल्या किल्लीने दार उघडले.

रिपोर्टमध्ये कॅल्शियम निघाले. गोळ्या सुरू आहेत. घेतल्या की नाही, हे मुलगी रोज फोनवर दरडावून विचारते. नकळत माझ्याच हातांनी ती गाठ मारली असेल, हेही मान्य करायची माझी तयारी आहे. त्यासाठी कित्येक दुपारी सुतळी घेऊन बसलो. दरवेळी सुटते.

रुमाल कपाटात तसाच आहे. कधी कपाट उघडले, की आतल्या घड्याळाची बारीक टिकटिक ऐकू येते. तिचे कारण मला ठाऊक आहे — बॅटरी अजून संपलेली नाही. गाठीचे मात्र ठाऊक नाही.